काचेतलं आगर

आईला आयुष्यात एकदाच बोट लागली होती. १९७४ साली, नवीन लग्न होऊन मुंबईला निघाली तेव्हा. मुसाकाजीच्या बंदरातून पडावात बसून खोल पाण्यात जायचं, तिथे उभ्या असलेल्या बोटीवर चढायचं आणि भाऊचा धक्का येईपर्यंत पोटाशी पाय घेऊन पडून राहायचं. बाबा डोक्याशी बसून लिंबू हुंगायला देत होते, एवढीच तिची त्या प्रवासाची आठवण. त्यामुळे दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूहून जेजू बेटावर आपण विमानाने नाही, मोक्पो बंदरावरून बोटीने जाणार आहोत हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "आवळासुपारी आहे का गो तुझ्याकडे?"

नव्हती. मग दोन लिंबं पर्समध्ये टाकून निघालो. बोट निवडली ती पैशांसाठी. ऑगस्टात इथल्या शाळांना सुट्टी असते आणि जेजूची विमानं महागतात. नवऱ्याला प्रयोगशाळेतून रजा मिळेना, तेव्हा आम्ही दोघीच.

जेजूला जायचं कारण मात्र वेगळं होतं. आई आमच्याकडे येऊन दीड महिना झाला होता. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ती सकाळी दार उघडल्यापासून बोलत असते. शेजारणीशी, गाईशी, फांदी वाकडी गेलेल्या पेरूशीसुद्धा. ग्वांगजूत आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. विद्यापीठाच्या आवारात मराठी घरं आहेत, पण ती सगळी आमच्या वयाची, दिवसभर कामात. आई खिडकीत बसून खालच्या बागेकडे बघत राहायची. जिंको, झेल्कोवा, पाइन, चेरी. एकदा चहा घेताना म्हणाली, "चांगली झाडं आहेत हो. पण ह्यातलं एकही माझ्या ओळखीचं नाही."

मी वनस्पतिशास्त्राची. रत्नागिरीत चार वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, मग लग्न होऊन इकडे आले. त्या दुपारी मला यॉमिजी आठवलं. जेजूच्या दक्षिण किनाऱ्यावर जुंगमुनमध्ये असलेलं वनस्पती उद्यान, आणि त्यातलं प्रचंड मोठं काचघर. उष्ण कटिबंधातली झाडं काचेखाली ठेवलेली. कोकणातून आलेल्या बाईला विमानाने, रेल्वेने, बोटीने नेऊन केळीचं झाड दाखवायचं, हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. तरी तिकिटं काढली.

समुद्र ताटासारखा सपाट होता. मोक्पोच्या बोटीत खुर्च्यांऐवजी नुसत्या जमिनीच्या खोल्याही असतात. चपला बाहेर काढायच्या, चटईवर लोळायचं. आईला ही व्यवस्था फार पसंत पडली. पर्स उशाला घेऊन ती जेमतेम पाच तासांपैकी चार तास झोपली. लिंबं तशीच राहिली.

संध्याकाळी जेजू शहरातल्या दोंगमुन बाजारात गेलो. तिथे बिंगत्तॉक मिळतं: बकव्हीटच्या पिठाचं पातळ घावन, आत शिजवलेल्या मुळ्याचा कीस, गुंडाळून सुरळी. आई शाकाहारी, त्यामुळे मासळीच्या त्या राज्यात हे सापडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "तवा अजून तापायला हवा होता." पुढच्या दुकानात आंबे होते. जेजूत हल्ली प्लास्टिकच्या हरितगृहांत लालचुटूक आंबे पिकवतात, एकेकाला कापसाच्या गादीवर बसवून विकतात. मी पाटी वाचून हिशोब केला. एक आंबा वीस हजार वॉन, म्हणजे बाराशे रुपये. आईने आंबा हातात न घेता नुसता वाकून देठाकडचा वास घेतला. दुकानदाराला हसून मान डोलावली आणि पुढे गेल्यावर मला म्हणाली, "साल बघून वाटतं कुणी रंगवलाय."

रात्री भयंकर उकडलं. रात्रभर पारा २५ अंशांच्या खाली आलाच नाही तर इथे त्या रात्रीला 'योल्देया' म्हणतात, म्हणजे उष्ण कटिबंधातली रात्र. बातम्यांत मोजून सांगतात, आज सलग इतकी योल्देया झाली. आईला हे समजावल्यावर तिने विचारलं, "मग आमच्याकडे काय मोजायचं?"

सकाळी विमानतळावरून ६०० नंबरची बस धरली. हल्लासानच्या पश्चिम कुशीतून ती दक्षिणेला उतरते. हल्लासान म्हणजे बेटाच्या मधोमध बसलेला १,९४७ मीटर उंचीचा झोपी गेलेला ज्वालामुखी; सगळं बेटच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं. वाटेत काळ्या दगडांचे, चुन्याशिवाय रचलेले गडगे दिसायला लागले आणि आई सरळ होऊन बसली. आमच्याकडे जांभा लाल असतो, हे दगड भोकाभोकांचे आणि काळे, पण रचायची रीत तीच. "वाऱ्याला भोकं ठेवलीत," ती म्हणाली. बरोबर होतं. जेजूचा वारा प्रसिद्ध आहे, फटी नसलेली भिंत तो पाडतो. हे गडगे बघता बघता मी आमचा थांबा एका स्टॉपने चुकवला. साडेदहाच्या उन्हात डांबरी रस्त्याने चढ चढून परत यावं लागलं. दोन्ही बाजूंना उंच वॉशिंग्टोनिया ताड. आईने प्रत्येकाच्या शेंड्याकडे पाहिलं आणि अखेर विचारलंच, "नारळ कसा एकालाही नाही?"

नारळ इथे उघड्यावर जगत नाही, थंडी मानवत नाही. हे ताड लावले ते बेट परदेशासारखं दिसावं म्हणून. त्यामागची गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. एके काळी कोरियन माणसाला फिरायला म्हणून परदेशात जाताच येत नसे. नवरा-नवरी मधुचंद्राला जेजूला यायची, ताडाखाली उभी राहून फोटो काढायची. परदेश प्रवास सगळ्यांसाठी खुला झाला १९८९ च्या जानेवारीत. आणि जगभरची झाडं एका छपराखाली आणणारं यॉमिजी उघडलं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. लोकांना खरा परदेश मोकळा झाला त्याच साली इथे काचेतला परदेश तयार झाला. तरी माणसं आली, आजही येतात.

उद्यान एकूण २८ एकरांच्या आसपास, त्यातलं काचघरच तीन एकर. मी आईला म्हटलं, एकशेवीस गुंठे काचेखाली आहेत. तिने मान वर केली. मधोमध ३८ मीटर उंचीचा मनोरा, आणि त्याच्याभोवती पाकळ्यांसारखी पसरलेली वेगवेगळी दालनं: फुलांचं, पाणवनस्पतींचं, निवडुंगांचं, फळझाडांचं, जंगलाचं. मधल्या दालनातून एका पाकळीत शिरायचं आणि गोल फिरत पुन्हा मध्यावर यायचं.

दार ढकललं आणि माझा चष्मा पांढरा झाला. बाहेर ३३ अंश होते, आत किती ते दिसायला डोळे नव्हते. काचघर बांधलंय हिवाळ्यासाठी. जानेवारीत हल्लासानवर बर्फ असताना इथे अंगरखा काढून फिरायची मजा. आम्ही आलो होतो भर ऑगस्टात, वरच्या झडपा उघड्या, पंखे फिरताहेत, तरी हवा भाताच्या पेजेसारखी दाट. आजूबाजूचे लोक गळ्यात छोटे पंखे अडकवून, हातात रुमाल घेऊन भराभरा पुढे सरकत होते. मी चष्मा पुसेपर्यंत आई कुठे दिसेना.

ती पंधरा पावलांवर एका झाडापुढे उभी होती. "ही बघ पेंडकुळ."

पाटीवर वर हंगुल म्हणजे कोरियन लिपी, खाली लॅटिन. इक्झोरा. मी लॅटिन वाचायला वाकले आणि ती पुढे निघाली. मग तेच सुरू झालं. मी पाटीपर्यंत पोचायच्या आत मराठी नाव आलेलं असायचं. जास्वंद. कर्दळ. देवचाफा. केवडा, "पण ह्याला वास येईल की नाही कोण जाणे." सापकांडं. बोगनवेल. क्रोटनला ती क्रोटनच म्हणते. अँथुरियम, हेलिकोनिया असल्यांना एकच नाव, "हे शोभेचं", आणि त्यांच्यापाशी ती थांबत नसे. दीड महिन्यात ती एवढी सलग बोललेली मी ऐकली नव्हती. प्रत्येक नावाला एक शेपूट होतं. अमक्या काकूंकडे ही डबल होती, जावेनं मुळासकट नेली. तमक्याच्या मुंजीला ह्याच्याच पानांचं तोरण. मी कॉलेजात चार वर्षं मुलांना कुळं आणि पुंकेसरांची संख्या शिकवली. ही बाई झाडांची कुळं कुणाच्या अंगणातून कुणाच्या अंगणात गेली त्यावरून लावत होती.

एका पोफळीजवळ तिने चक्क खोडाला हात लावला आणि खालून वर कांड्या मोजायला सुरुवात केली. पोफळीचं एकेक झावळ गळलं की खोडावर एक वळं राहतं. वर्षाला पाच-सहा झावळं गळतात, त्यावरून ती वय काढते. मान मागे टाकून, बोट हवेत नाचवत, ओठांत पुटपुटत ती मोजत होती. पाचवारी साडी, खाली माझे जुने स्पोर्ट्स शूज. एक लहान मुलगा आईस्क्रीम थांबवून तिच्याबरोबर वर बघायला लागला. "माझ्या लग्नानंतरची आहे," तिने निकाल दिला.

तेवढ्यात सायरन वाजला. एक नाही, शे-दोनशे. काचघरातल्या प्रत्येक माणसाच्या खिशातला फोन एकाच क्षणी किंचाळला, आणि काचेखाली तो आवाज घुमला. आईने माझा दंड धरला. तिला वाटलं काच फुटली. मी फोन दाखवला: कडक उन्हाचा इशारा, दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा. असे संदेश इथे उन्हाळाभर येतात, आम्हाला सवय झालीये. "सरकार फोन करून सांगतं, पाणी पी म्हणून?" आईने विचारलं. मग जरा वेळाने, "घरची माणसं नाही सांगत कधी."

पाण्याचं दालन उन्हाळ्यात बघावं. व्हिक्टोरिया कमळाची पानं तेव्हा ऐन भरात असतात. प्रत्येक पान म्हणजे काठ उभे केलेली हिरवी परात, लग्नाच्या स्वयंपाकात कणीक मळतात तेवढी. एका पानाची कड थोडी उलटली होती, तिथून खालची बाजू दिसत होती: तांबूस, हाताच्या बोटाएवढ्या जाड शिरांची जाळी, आणि त्या शिरांवर काटे. या शिरांच्या सांगाड्यावरच एवढं पान तरंगतं. फूल रात्री उमलतं, पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी, आणि मग पाण्याखाली जातं. आम्हाला एक मिटलेली कळी मिळाली, त्यातच समाधान. निवडुंगांचं दालन आम्ही पाच मिनिटांत संपवलं. आईचं म्हणणं, काटे बघायला पैसे कशाला.

फळझाडांत गर्दी होती ती केळीभोवती. केळफूल लोंबत होतं, त्याचा एक जांभळा पदर उचललेला आणि आत फण्यांची रांग. सगळे त्याचे फोटो काढत होते. आमच्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, डोक्यावर मोठी टोपी. त्यांनी केळफुलाकडे बोट करून आईला काहीतरी विचारलं. ही बाई याच झाडांच्या देशातली आहे हे त्यांना साडीवरून कळलं असावं. आईने माझी वाट पाहिली नाही. डाव्या हातावर उजव्या हाताने सोललं, बारीक चिरलं, मधला दांडा काढून फेकला, तळहाताला तेल चोळलं कारण चीक लागतो, मग कढई, मग फोडणी. तोंडाने "चुर्र" असा आवाजसुद्धा काढला. बाई थक्क. "मॉगॉयो?" त्यांनी मला विचारलं, खातात? मी म्हटलं, खातात, भाजी करतात.

मग त्या बोलायला लागल्या. माझं कोरियन बाजारहाटापुरतं, पण त्या सावकाश बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, केळं म्हणजे चैन. जेजूतले शेतकरी काचेखाली, प्लास्टिकखाली केळी पिकवायचे आणि सोन्याच्या भावाने विकायचे. घरात कुणी आजारी पडलं तर एक केळं यायचं, आणि बाकीची भावंडं आपल्याला ताप यावा म्हणून देवाची प्रार्थना करायची. १९९१ मध्ये आयात खुली झाली, बाहेरची केळी ढिगाने आली आणि जेजूच्या केळीबागा बसल्या.

मी आईला हे मराठीत सांगितलं. ती हसत सुटली. "आमच्याकडे सफरचंद!" मला म्हणाली, "सांग त्यांना. मला टायफॉइड झाला तेव्हा अण्णांनी राजापुरातून एक सफरचंद आणलं, आणि आम्ही सहा भावंडं. मला चार फोडी मिळाल्या." मी सांगितलं. बाईंनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला. ग्वांगजूच्या बाजारात आई सफरचंदांच्या ढिगाजवळून जाताना दर वेळी का रेंगाळते, ते मला त्या काचघरात कळलं.

यानंतर जे झालं ते सांगायला मला जरा लाज वाटते. जंगलाच्या दालनात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोकणात जन्मलेली मी, सहा वर्षं एसीत राहून पार नासले आहे. कठड्याला धरून खाली बसले. आईने चटकन पर्समधून बाटली काढली. आत लाल पाणी. सकाळी हॉटेलातच तिने अमसुलं, साखर आणि मीठ घालून ठेवलं होतं; ती अमसुलं तिने डब्यात घालून कोकणातून आणलेली. मी अर्धी बाटली संपवली. ती पदराने मला वारा घालत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना हाताने "काही नाही, काही नाही" सांगत होती. तिला सोबत म्हणून आणली होती मी, म्हातारीला उन्हाचा त्रास होईल म्हणून छत्री, टोपी, ओआरएस सगळं घेऊन. ओआरएस हॉटेलात राहिलं होतं. तुम्हाला ऑगस्टात जायचंच असेल तर सकाळी नऊला, उघडताक्षणी जा, आणि आधी काचघर उरका. आमच्यासारखं बाराच्या ठोक्याला आत असू नका.

बरं वाटल्यावर मनोऱ्यात गेलो. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला हल्लासान आणि नैऋत्येला समुद्रात मारादो बेट दिसतं. आम्हाला दोन्हीकडे पांढरं दिसलं. पण वर वारा होता, बसायला जागा होती. तिथे मी आईला त्या जागेची दुसरी गोष्ट सांगितली. हे उद्यान ज्या साम्पुंग उद्योगसमूहाने उभारलं, त्यांचंच सोलमध्ये साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर होतं. २९ जून १९९५ च्या संध्याकाळी ती इमारत ग्राहकांसकट कोसळली. ५०२ माणसं गेली. बांधकामात केलेले नको ते बदल, छतावरचं वजन, सकाळपासून दिसत असलेल्या भेगा, आणि तरी दुकान बंद न करणं. नुकसानभरपाईचा बोजा एवढा की मालमत्ता द्याव्या लागल्या, त्यात हे उद्यान सोल शहराच्या ताब्यात गेलं. मग २००५ मध्ये शहराने ते एका कंपनीला विकलं.

आई खाली काचेच्या छपराकडे बघत होती. आतल्या झाडांचे शेंडे काचेला टेकल्यासारखे दिसत होते. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मधल्या काळात पाणी कोण घालत होतं?"

कुणीतरी घालतच असणार. काचेखाली पाऊस पडत नाही. चार दिवस कुणी आलं नसतं तर पोफळ उभी वाळली असती.

बाहेरच्या भागात कोरियन, जपानी, इटालियन, फ्रेंच अशा बागा आहेत. फ्रेंच बागेतली कातरलेली झुडपं बघून आई म्हणाली, हज्जाम चांगला आहे. ऊन असं होतं की इटालियन कारंजं आम्ही लांबूनच पाहिलं. पण कोरियन बागेत एका झाडाने आम्हाला थांबवलं. गुळगुळीत, सोललेल्यासारखं फिकट खोड, आणि शेंड्यांना कुरळ्या गुलाबी फुलांचे घोस. हे बेरोंग-नामू. शंभर दिवस फुलतं असं त्याच्या नावातच आहे, आणि आपल्या ताम्हणाची ही सख्खी चुलत बहीण. ताम्हण म्हटल्यावर आईने पाकळी नीट बघितली, तशीच चुरगळलेली, आणि मान्य केलं. मग मी तिला सांगितलं की इथले लोक याला गुदगुल्यांचं झाडही म्हणतात. खोड खाजवलं तर वरच्या फांद्या हलतात. आईने इकडेतिकडे पाहून एका बोटाने खोड हळूच खाजवलं. वर काहीतरी हललं. वारा असेल. "हलतंय!" म्हणून तिने पुन्हा खाजवलं.

दाराकडे परतताना सुदर्शनची एक रांग लागली. पांढरी, कोळ्याच्या पायांसारखी फुलं, ऑगस्टात बहरलेली. आमच्या विहिरीमागे हा माजलेला आहे. लहानपणी माझा कान दुखला की आई याचं पान गरम करून रस पिळायची. कोरियात हा रानात उगवतो तो जेजूच्या पूर्वेकडच्या तोक्कीसॉम नावाच्या चिमुकल्या बेटावर, आणि ते ठिकाण १९६२ पासून नैसर्गिक स्मारक म्हणून राखलेलं आहे. याचं बी भुसभुशीत असतं, पाण्यावर तरंगतं. दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार प्रवाहाबरोबर ते वाहत आलं असावं असं मानतात. "म्हणजे हा पण बोटीने आला," आई म्हणाली. तिने खाली पडलेली एक हिरवी गोटी उचलली. मी नजरेनेच नको म्हटलं. तिने ती पुन्हा झाडाच्या बुडाशी ठेवली आणि पायाने थोडी माती लोटली. कुणाच्याही बागेतून फांदी-बी घेतल्याशिवाय ही बाई आजवर घरी गेलेली नाही.

चॉनजेयॉनचा धबधबा तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. पहिला टप्पा कोरडा होता, फक्त खाली निळं-हिरवं तळं. पाय पाण्यात घालता येत नाहीत म्हटल्यावर आईचा रस कमी झाला.

परतीच्या दिवशी जेजू शहरात बंदरावर जाण्याआधी एका फुलवालीच्या दुकानावरून जात होतो. फुटपाथवर ओळीने कुंड्या मांडलेल्या. दोन शाळकरी मुली एका कुंडीवर ओणव्या होऊन किंचाळत होत्या. एक बोट लावायची, दुसरी ओरडायची. आई बघायला गेली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. लाजाळू. तीन हजार वॉन, म्हणजे एकशेऐंशी रुपये. आमच्या आगरात दर पावसाळ्यात खुरपं घेऊन ती लाजाळू उपटते, हाताला काटे बोचतात म्हणून शिव्या देते, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उगवलेली असते.

"एक घे," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, लाजाळू? विकत?

"चौदाव्या मजल्यावर कुठे आपसूक उगवणार आहे ती!"

बोटीत तीच जमिनीची खोली मिळाली. आईने भिंतीला टेकून कुंडी मांडीवर घेतली. समोर एक आजीबाई पाय पसरून बसल्या होत्या, त्यांनी बोट पुढे केलं, पान मिटलं, दोघी हसल्या. मग पलीकडच्या पोरांनी येऊन सगळी पानं मिटवून टाकली. आईने त्यांना हाताने सारलं, पदराआड कुंडी धरली आणि दहा-पंधरा मिनिटांत पानं हळूहळू उघडली.

मग भोंगा वाजला. इंजिनाची थरथर आधी जमिनीत आली, नंतर भिंतीत. पानं एकेक करून मिटली, देठ खाली पडले. कुणी जवळसुद्धा नव्हतं.

"कुणाचं बोट लागलं?" मी विचारलं.

"बोट लागलं नाही गो," आई म्हणाली, "बोट लागली हिला." आणि पर्समध्ये हात घालून तिने लिंबू काढलं.